टोफॅसिटिनिब ५ मिलिग्रॅम: गोळी पास, पण विकली जाते ती अर्धीच

जळगाव, धुळे, भुसावळच्या मोठ्या मेडिकलमध्ये आता टोफॅसिटिनिबची स्ट्रिप सहज मिळते. काही वर्षांपूर्वी पेटंट संपलं, देशी कंपन्या उतरल्या आणि पूर्वी मुंबई-पुण्याच्या चिठ्ठीवरच दिसणारी ही गोळी चोपड्याच्या, शहाद्याच्या काउंटरपर्यंत आली. भाव उतरला हे उत्तमच झालं. पण भावाबरोबर या गोळीभोवतीची शिस्तही उतरली, आणि आमचा मुख्य आक्षेप तोच आहे. औषध म्हणून टोफॅसिटिनिब चांगलं आहे. फक्त दुकानातून हातात पडतं ते अर्धंच औषध. उरलेलं अर्धं म्हणजे सुरू करण्याआधीच्या तपासण्या आणि नंतरचं वेळापत्रक, आणि ते स्ट्रिपमध्ये येत नाही.

हे आमवाताचं औषध आहे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं. गुडघ्याची किंवा कंबरेच्या मणक्याची झीज, युरिक ॲसिड यांच्याशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडे 'संधिवात' या एकाच शब्दात हे सगळं कोंबलं जातं आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. खानदेशात दोन चुका विशेष होतात. पहिली चिकनगुनियाची. ताप आठवड्यात जातो, पण मनगटं आणि बोटांचे सांधे कित्येक महिने सुजलेले राहतात, सकाळी हात आखडतो, हुबेहूब आमवातासारखा. २००६ च्या साथीनंतर असे रुग्ण महाराष्ट्रात जागोजागी दिसले. अशा माणसाच्या आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवाताच्या रक्ततपासण्या आधी बघायच्या. त्यातही एकट्या आरए फॅक्टरवर भरवसा ठेवू नये, तो इतर आजारांतही पॉझिटिव्ह येतो. अँटी-सीसीपी जास्त नेमकं. दुसरी चूक सिकलसेलची. धडगाव-अक्कलकुव्याच्या पट्ट्यातल्या, हातपाय दुखतात म्हणून आलेल्या तरुण माणसाची सिकलसेलची तपासणी झाल्याशिवाय आमवाताचं निदान पक्कं धरू नये. शिवाय त्या आजारात हिमोग्लोबिन मुळातच कमी असतं, आणि या गोळीची एक अट हिमोग्लोबिनचीच आहे.

निदान पक्कं असलं तरी टोफॅसिटिनिब ही पहिली गोळी नव्हे. पहिली मेथोट्रेक्सेट. ती पुरेशा डोसात, पुरेसे महिने घेऊन सूज हटली नाही किंवा ती सोसली नाही, तर पुढचा विचार. मेथोट्रेक्सेट आठवड्याला ७.५ मिलिग्रॅमवर अडकवून ठेवायचं आणि 'ते लागू पडलं नाही' म्हणत थेट टोफॅसिटिनिबवर उडी मारायची, असं बऱ्याच फायलींमध्ये दिसतं. ही घाई खिशालाही परवडत नाही आणि शरीरालाही.

आता गोळी करते काय ते. दाराबाहेर घंटेचं बटण दाबलं की आत वायरीतून करंट जातो आणि घंटा वाजते. आमवातात सूज आणणारी रसायनं हे बटण सारखं दाबत राहतात. इंजेक्शनची महागडी औषधं बाहेर उभं राहून बटण दाबणाऱ्या एकेकाला धरतात. टोफॅसिटिनिब पेशीच्या आत जाऊन वायरच सैल करतं. या वायरीचं नाव जॅक, म्हणून या औषधांना जॅक इनहिबिटर म्हणतात. एकाच वायरीवर बऱ्याच घंटा असल्यानं परिणाम लवकर दिसतो, काहींना दोन आठवड्यांतच. पण विषाणूंविरुद्धचे निरोप त्याच वायरीनं जातात आणि रक्तपेशी बनवण्याचे काही निरोपही तिथूनच. नागीण, टीबी, हिमोग्लोबिनची घसरण हे सगळे त्रास याच एका जागेतून निघतात. त्यांना नुसतं 'साइड इफेक्ट' म्हणून बाजूला टाकलं की पुढच्या तपासण्या कशासाठी हेच कळत नाही.

गोळी किती चालते याचे आकडे २०१२ च्या एका मोठ्या चाचणीत आहेत. मेथोट्रेक्सेट चालू असूनही सूज असलेले ७१७ रुग्ण होते. सहा महिन्यांनी किमान २० टक्के सुधारणा टोफॅसिटिनिब ५ मिलिग्रॅमवर ५१.५ टक्के लोकांना मिळाली, ॲडॅलिमुमॅबच्या इंजेक्शनवर ४७.२ टक्क्यांना आणि नुसत्या दिखाऊ गोळीवर २८.३ टक्क्यांना. यातला शेवटचा आकडा घरी लिहून ठेवण्यासारखा आहे. औषध नसलेल्या गोळीवरही शंभरातल्या अठ्ठावीस जणांना 'फरक' पडला. त्यामुळे दोन आठवड्यांनी 'बरं वाटतंय' एवढ्यावर औषधाला पास करता येत नाही, आणि जवळजवळ निम्म्यांना या मोजपट्टीवर फायदा झालाच नाही हेही विसरून चालत नाही.

डोस आणि स्ट्रिप

साधी ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, साधारण बारा तासांच्या अंतरानं. रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायला जेमतेम तीन तास लागतात, म्हणून शेतात जायचंय या कारणानं सकाळीच दोन्ही गोळ्या घेऊन मोकळं होणं चालत नाही. उपाशीपोटी घ्या की जेवून, फरक पडत नाही. एखादा डोस राहिला तर तो सोडून द्यायचा आणि पुढचा वेळेवर घ्यायचा, दुप्पट करायचा नाही.

दुसरा प्रकार ११ मिलिग्रॅमचा, दिवसातून एकदाच. हा आकडा फसवा आहे. ११ म्हणजे ५ च्या दुप्पट ताकदीची गोळी असं समजून लोक ती तोडून अर्धी घेतात. ही गोळी औषध सावकाश सोडते आणि तिचा दिवसभराचा परिणाम ५ च्या दोन गोळ्यांइतकाच असतो. तोडली, चावली किंवा कुटली की ती रचनाच मोडते. मूळ कंपनीच्या गोळीचं कवच विरघळत नाही आणि शौचातून अख्खं बाहेर पडलेलं दिसू शकतं. 'गोळी लागू पडत नाही, तशीच पडते' ही तक्रार त्यातून येते. औषध आत सुटलेलं असतं. आतडं कुठे अरुंद झालं असेल तर मात्र हा प्रकार घेऊ नये.

नव्यानं सुरू करणाऱ्यासाठी आमची पसंती साध्या ५ ला. कारण व्यवहारी आहे: किडनी मध्यम बिघडलेली असेल किंवा औषध वाढवणारी दुसरी गोळी मध्येच आली, तर डॉक्टरांना डोस दिवसाला एकवर आणता येतो. ११ च्या गोळीचं अर्धं करता येत नाही.

दुखणं वाढलं म्हणून स्वतःच दिवसाला चार गोळ्या करणं मात्र गंभीर आहे. दिवसाला दोनदा १० मिलिग्रॅम हा डोस मोठ्या आतड्याच्या आजारात वापरतात. आमवाताच्या रुग्णांत याच डोसावर फुफ्फुसात रक्ताच्या गुठळ्या आणि मृत्यू जास्त दिसले, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१९ मध्ये इशारा दिला होता.

स्ट्रिप फोडण्याआधी

सीबीसीपासून, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीपासून सुरू करू. हिमोग्लोबिन ९ च्या खाली, न्यूट्रोफिल १००० च्या खाली किंवा लिम्फोसाइट ५०० च्या खाली (दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार) असतील तर गोळी सुरू करायची नाही. अडचण अशी की अनेक लॅबच्या रिपोर्टवर लिम्फोसाइट फक्त टक्क्यांत छापलेले असतात. तेव्हा गुणाकार स्वतः करावा लागतो. एकूण पांढऱ्या पेशी ४००० आणि लिम्फोसाइट १२ टक्के, म्हणजे ४८०. रिपोर्टवर कुठेही लाल खूण नसते आणि तरी हा माणूस या गोळीसाठी बाद असतो. ही चूक बघणाऱ्यांच्या नजरेतून सर्रास सुटते.

यकृतासाठी एसजीपीटी, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि रक्तातल्या चरबीसाठी लिपिड प्रोफाइल हे नेहमीचे. हिपॅटायटिस सी एकदा. हिपॅटायटिस बी साठी फक्त एचबीएसएजी करून थांबू नये, अँटी-एचबीसी टोटलही करावी. जुनी, झोपलेली कावीळ तिच्यातच दिसते आणि ही गोळी तिला जागं करू शकते. मूल होण्याच्या वयातल्या बाईची गरोदरपणाची तपासणी आधी, आणि गोळी चालू असेपर्यंत व बंद केल्यावरही चार आठवडे गर्भ राहू नये याची सोय. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ही गोळी नको.

सगळ्यात जास्त घोळ टीबीच्या तपासणीत. छातीचा एक्स-रे पुरेसा नाही, कारण दडलेला टीबी त्यात दिसत नाही. पर्याय दोन. मँटूची सुई स्वस्त आहे, पण ती ४८ ते ७२ तासांनी वाचावी लागते. गुरुवारी टोचली की वाचायची वेळ शनिवार-रविवारवर येते, रुग्ण सोमवारी-मंगळवारी उगवतो आणि तपासणी वाया जाते. वाचताना लाली मोजायची नसते, बोटाला लागणारी घट्ट गाठ मोजायची असते, आणि अशा औषधासाठी ५ मिलिमीटरलाच पॉझिटिव्ह धरतात.

दुसरा पर्याय इग्राची रक्ततपासणी. इथे खानदेशाची अडचण वेगळी आहे. रक्त चार छोट्या नळ्यांत, प्रत्येकी एक मिलिलिटर घेतात आणि नळ्या हलवून घ्याव्या लागतात, कारण तपासणीचं द्रव्य आतल्या भिंतीला लावलेलं असतं. अशा नळ्यांत थेट घेतलेलं रक्त १६ तासांच्या आत ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये जायला हवं, आणि तोवर २२ अंशांच्या आसपास, पाच अंश इकडे-तिकडे, ठेवायला हवं. आता मे महिन्यातला जळगावचा दुपारचा पारा आठवा. नमुना बाहेरच्या शहरात जाणार असेल तर लॅबला तीन प्रश्न विचारा: इनक्युबेटर इथे आहे की तिकडे, गाडी किती वाजता सुटते, आणि उन्हाळ्यात डबा थंड कसा ठेवता. शनिवारी संध्याकाळी रक्त देऊ नका. रिपोर्टवर 'इंडिटरमिनेट' आलं तर त्याचा अर्थ निगेटिव्ह असा नाही, तपासणी फसली असा आहे. नमुना खराब झाल्यानं असं होतं, तसंच स्टिरॉइडच्या मोठ्या डोसावरही होतं.

पॉझिटिव्ह आलं म्हणून गोळी कायमची हुकत नाही. एक्स-रे स्वच्छ आणि लक्षणं नसतील तर टीबी प्रतिबंधक औषध सुरू करून किमान महिनाभरानं टोफॅसिटिनिब सुरू करता येतं. सरकारी दवाखान्यात हे प्रतिबंधक औषध मोफत आहे. फक्त कोणतं देताहेत ते बघावं लागतं. आयसोनियाझिड सहा महिने, सोबत बी-६, हा मार्ग या गोळीशी जुळतो. आठवड्याला एकदा घ्यायच्या बारा डोसांच्या औषधात रिफापेंटीन असतं, आणि ते रिफॅम्पिसिनच्याच घराण्यातलं. रिफॅम्पिसिनमुळे रक्तातलं टोफॅसिटिनिब ८४ टक्क्यांनी घटतं. रुग्ण गोळी नेमानं घेतो, पैसे जातात आणि सांध्यापर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही. मेथोट्रेक्सेटही चालू असेल तर आयसोनियाझिडच्या काळात एसजीपीटी दर महिन्याला बघावं, दोन्ही यकृतावरच भार टाकतात.

बारा आठवड्यांची परीक्षा

गोळी पास की नापास हे तीन महिन्यांनी ठरवायचं, आणि मोजून ठरवायचं. त्यासाठी सीडीएआय नावाचा साधा हिशेब आहे. त्याला रक्ताचा रिपोर्टही लागत नाही. २८ सांधे तपासायचे: दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, दोन गुडघे, हाताच्या बोटांच्या मुळाचे दहा आणि बोटांच्या मधले दहा, त्यात अंगठ्याचा सांधा आला. दाबल्यावर दुखणारे किती, सुजलेले किती, दोन वेगळे आकडे. त्यात रुग्णानं आजाराला शून्य ते दहापैकी दिलेले गुण आणि डॉक्टरांनी दिलेले गुण मिळवायचे. बेरीज २.८ पर्यंत असेल तर आजार शांत, १० पर्यंत थोडा, २२ पर्यंत मध्यम, त्यापुढे जोरात. ३० वरून सुरू करून तीन महिन्यांनी २६ असेल, तर रुग्ण कितीही समाधानी असला तरी गोळी नापास.

या मोजणीत पाय आणि घोटे धरलेले नाहीत. ऑफिसात बसणाऱ्याचं भागतं, पण केळीच्या बागेत पाण्यात उभं राहणाऱ्याचा किंवा कापूस वेचत दिवसभर चालणाऱ्या बाईचा आजार कित्येकदा तळपायाच्या चवड्यातच असतो. म्हणून वहीत पायांचा वेगळा रकाना ठेवावा.

सकाळचा आखडलेपणा मिनिटांत लिहावा. हाताची ताकद बघायला घरातलंच काम घ्यावं, आणि दर वेळी तेच. 'भाकर थापता येस का?' हा प्रश्न कुठल्याही छापील फॉर्मइतकाच उपयोगी आहे, फक्त उत्तर 'हो-नाही'त घेऊ नये. कळण्याचं पीठ मळताना तळहाताचा भार मनगटावर येतो, थापताना बोटांच्या मुळाचे सांधे सरळ उघडावे लागतात, आणि तव्यावर टाकताना मनगट वळतं. तिन्ही हालचाली वेगळ्या आहेत. कुठल्या पायरीवर हात अडतो आणि सलग किती भाकऱ्या होतात, एवढं लिहिलं तरी दर महिन्याचा फरक डोळ्यांपुढे येतो.

परीक्षा खराब करणारी दोन माणसं घरातच असतात. पहिली स्टिरॉइडची गोळी, दुसरी दुखण्याची. टोफॅसिटिनिब सुरू करताना प्रेडनिसोलोन १० वरून २० केलं तर महिनाभरात कोणीही नाचू लागेल, आणि श्रेय चुकीच्या गोळीला जाईल. आठवड्याला दुखण्याच्या किती गोळ्या लागल्या हा आकडा वहीत हवाच. आठवडी बाजारात मिळणाऱ्या 'वाताच्या पुड्या' या काळात पूर्ण बंद, कारण अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडणं नवं नाही. रक्तात सूज दाखवणारं सीआरपी उतरलं यावरही फार विसंबू नये. ही गोळी सीआरपीला थेट खाली ओढते, त्यामुळे आत जंतुसंसर्ग असला तरी आकडा निरागस दिसू शकतो. तापाच्या वेळी हे मुद्दाम आठवावं.

चार ते आठ आठवड्यांनी सीबीसी आणि लिपिड पुन्हा, मग सीबीसी दर तीन महिन्यांनी, आणि एसजीपीटी-क्रिएटिनिन अधूनमधून. हिमोग्लोबिन २ नं घसरलं किंवा ८ च्या खाली गेलं तर गोळी थांबवून डॉक्टरांकडे. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, थोडं वाढतं, ते अपेक्षित आहे.

मेडिकलच्या काउंटरवरचे अपघात

या गोळीचा सगळ्यात नेहमीचा शत्रू गजकर्ण आहे. उन्हाळा-पावसाळ्यात जांघेत, कमरेला नायटा उठतो, माणूस मेडिकलवर जातो आणि इट्राकोनॅझोल किंवा फ्लुकोनॅझोल घेऊन येतो. दोन्ही गोळ्या शरीरातून टोफॅसिटिनिब बाहेर पडण्याची वाट अडवतात. घेतलं ५, रक्तात मात्र त्याहून कितीतरी जास्त. घशासाठी दिलं जाणारं क्लॅरिथ्रोमायसिनही त्याच गटातलं. अशा वेळी डोस दिवसाला एक गोळी करावा लागतो, आणि हे चिठ्ठी लिहिणाऱ्याला आधी कळायला हवं. साध्या नायट्याला मलम पुरतं का, हे आधी विचारा. फिटच्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपीनचं उलट: ती टोफॅसिटिनिबचा परिणाम घटवतात.

मेथोट्रेक्सेट सोबत चालू असेल तर आणखी एक धोका, आणि तो आमवाताच्या सगळ्या औषधांतला सर्वांत जीवघेणा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. त्याच्या जोडीला फॉलिक ॲसिड देतात. दोन्ही बारीक, पिवळ्या गोळ्या. त्यात एका मेथोट्रेक्सेटचं नाव फोलिट्रॅक्स आणि एका फॉलिक ॲसिडचं नाव फॉल्विट. चष्मा न लावता वाचणाऱ्याला दोन्ही एकच. रोजची म्हणून चुकून मेथोट्रेक्सेट घेतलं गेलं तर आठ-दहा दिवसांत तोंड सोलून निघतं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोसळतात, मृत्यूही होतो. चिठ्ठीवर वार अक्षरांत लिहून घ्या, 'रविवार' असा, आणि त्या वारची गोळी वेगळ्या डबीत ठेवा. टोफॅसिटिनिब रोज दोनदा आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, ही जोडी घरात आली की ही चूक व्हायला जास्त वाव मिळतो. लघवीच्या संसर्गासाठी को-ट्रायमॉक्सॅझोल लिहिलं जात असेल तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं आधी सांगा, दोन्ही मिळून अस्थिमज्जा दाबतात.

नागिणीबद्दल थोडं थांबून. टोफॅसिटिनिबवर नागीण जास्त होते, आणि आशियाई रुग्णांत त्याहून जास्त. एका बाजूला पट्ट्यासारखी आग, मग पुरळ. आपल्याकडे पहिले तीन दिवस गेरू लावण्यात आणि नागीण उतरवून घेण्यात जातात. नेमके तेच तीन दिवस महत्त्वाचे आहेत, कारण व्हॅलासायक्लोव्हिरसारखी गोळी ७२ तासांत सुरू झाली तर खरा उपयोग. गेरू लावायचा तर लावा, पण गोळीही सुरू करा आणि पुरळ सुकेपर्यंत टोफॅसिटिनिब थांबवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. नागिणीची जिवंत विषाणू नसलेली, दोन डोसांची लस २०२३ पासून भारतात मिळते. महाग आहे, पण पन्नाशीपुढच्या माणसानं गोळी सुरू करण्याआधी तिचा विचार करावा. जिवंत विषाणूंच्या लसी मात्र गोळी चालू असताना नकोत.

कोणासाठी ही गोळी सहसा नको, तेही सांगायला हवं. पन्नाशीपुढचे आणि हृदयविकाराचा निदान एक धोका असलेले ४३६२ आमवाताचे रुग्ण घेऊन एक चाचणी झाली, तिचा निष्कर्ष जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी चार वर्षांत हृदयविकार-पक्षाघातासारख्या घटना टोफॅसिटिनिबवर ३.४ टक्के, टीएनएफ-विरोधी इंजेक्शनवर (ॲडॅलिमुमॅब त्यातलंच) २.५ टक्के. कर्करोग ४.२ विरुद्ध २.९ टक्के. फरक छोटा वाटतो, पण बिडी ओढणाऱ्या, मधुमेह-बीपी असलेल्या साठीच्या माणसाच्या बाबतीत तो छोटा राहत नाही. पासष्टीपुढचे, बरीच वर्षं धूम्रपान केलेले, हृदयविकाराचा किंवा कर्करोगाचा धोका जास्त असलेले यांना दुसरा पर्याय असेल तर तोच द्यावा आणि गुठळीचा धोका असलेल्यांत जपून वापरावी, असा युरोपचा सल्ला आहे. गोळी चालू असताना एका पिंडरीला सूज, अचानक दम किंवा पोटात एकदम सुरू झालेली तीव्र कळ, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट बघू नये. तिसरं लक्षण आतड्याला छिद्र पडल्याचं असू शकतं, विशेषतः सोबत स्टिरॉइड आणि दुखण्याच्या गोळ्या असतील तर.

शेल्फवरचा शेजारी

त्याच काउंटरवर 'टाइप टू कोलाजेन ४० मिलिग्रॅम' अशा कॅप्सूल असतात आणि 'प्रतिकारशक्ती शांत करणारं, साइड इफेक्ट नसलेलं' म्हणून त्या आमवातालाही विकल्या जातात. कल्पना मुळात वेडगळ नाही. कूर्चेतलं प्रथिन थोडं-थोडं तोंडावाटे दिलं तर शरीर त्याला आपलं मानायला शिकेल, असा विचार. १९९३ मध्ये बोस्टनमध्ये कोंबडीच्या कोलाजेनवर ६० रुग्णांची तीन महिन्यांची चाचणी झाली आणि निकाल आशादायक होता. १९९८ ची चाचणी मोठी, २७४ रुग्णांची. चार डोसांपैकी सर्वांत लहान २० मायक्रोग्रॅमवरच काही परिणाम दिसला. पुढच्या चाचण्यांनी आशा धरून ठेवली नाही. कॅप्सूलनं फारसं बिघडणार नाही, बिघडतं ते तिच्या भरवशावर घालवलेल्या वर्षात, कारण आमवातात हाडं कुरतडली जातात ती सुरुवातीलाच. गुळवेलीचे काढे मात्र या काळात टाळाच. गुळवेल घेतलेल्यांत यकृताला इजा झाल्याचं २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं, त्यावर आयुष मंत्रालयानं आक्षेपही घेतला. वाद बाजूला ठेवला तरी एसजीपीटी चढलं की दोष काढ्याचा की गोळीचा, हे कोणीच सांगू शकणार नाही.

विकत घेताना आणि ठेवताना

महिन्याला ६० गोळ्या लागतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या छापील किमतीत मोठी तफावत आहे, म्हणून दोन-तीन दुकानांत विचारून घ्या. पण एकदा ठरली की कंपनी दर महिन्याला बदलू नका, निदान परीक्षेच्या तीन महिन्यांत तरी नाही. खर्च मोजताना तपासण्याही धरा. पहिल्या महिन्यात स्ट्रिपपेक्षा टीबी आणि हिपॅटायटिसचं बिल मोठं येऊ शकतं, आणि ते वाचवण्याची जागा ही नाही.

गोळ्या ३० अंशांखाली ठेवायच्या असतात, तसं स्ट्रिपवर लिहिलेलं असतं. पत्र्याच्या घरात एप्रिल-मेमध्ये हे जमवायचं तर स्टीलच्या डब्यात, घराच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत, जमिनीजवळ. फ्रीजच्या दारात ओल धरते. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा दुचाकीच्या डिकीत दुपारभर राहिलेली स्ट्रिप वापरू नका. मोठं ऑपरेशन ठरलं, विशेषतः गुडघा किंवा खुबा बदलायचा असेल, तर आधी तीन दिवस गोळी बंद असते, पण तारीख सर्जन आणि ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट या दोघांना मिळून ठरवू द्या.

आणि स्ट्रिप कापून घेऊ नका. पाच गोळ्या कापून दिल्या की बॅच नंबर आणि एक्स्पायरीचा तुकडा दुकानातच राहतो. पुढे गोळी बदलल्यासारखी वाटली, अंगावर काही उठलं किंवा तक्रार करायची वेळ आली तर हातात नाव आणि अर्धी ॲल्युमिनियमची पट्टी एवढंच उरतं. अख्खी स्ट्रिप घ्या, बिलावर बॅच नंबर छापून घ्या, आणि संपलेल्या स्ट्रिपा पुढच्या तपासणीपर्यंत त्याच वहीत ठेवा.